ही खूण नवागामची

माझी लेक फोटो काढताना एक हात वर करते. मधली तीन बोटं मिटलेली, अंगठा आणि करंगळी बाहेर, आणि मनगट जरासं हलवायचं. फोटोत ते हललेलं दिसत नाही, तरी ती हलवते. एकदा मी विचारलं, हे काय गं? तर म्हणाली, "आई, तुला नाही कळणार. ते हवाईचं आहे. शाका म्हणतात त्याला."

मला नाही कळणार म्हणे. मी म्हटलं, "हवाईचं कसलं आलंय, ते नवागामचं आहे. आणि मी काढलंय ते."

लेकीने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ही रक्तदाब तपासायला नेणार.

हवाईच्या लोकांनी कृपा करून रागावू नये. त्यांचं त्यांच्याकडे आमच्या आधीपासून होतं, हे मलाही नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा आमच्या घरात काय झालं तेच मला सांगायचं आहे. पण सुरतेत, डिंडोलीच्या अलीकडे, नव्वदच्या दशकातल्या नवागामात ही खूण पहिल्यांदा कोणी केली, असं कोणी विचारलं तर उत्तर एकच. मी. अकरा वर्षांची होते आणि त्यात भूषण वाटावं असं काही नव्हतं.

तेव्हाचं नवागाम म्हणजे अर्धा खानदेश. घरात अहिराणी, दुकानात गुजराती आणि भांडण मात्र हिंदीत. भांडणाला हिंदी कशाला लागायची ते मला अजून उमगलेलं नाही. आमचे आप्पा, म्हणजे वडील, यंत्रमागावर कारीगर होते. माग चालतात त्या गाळ्याला सुरतेत खातं म्हणतात. आप्पांचं खातं आमच्या गल्लीच्या टोकालाच होतं, त्यामुळे मागांची खटखट आम्हाला घड्याळासारखी ऐकू यायची आणि ती थांबली की लहान पोरं दचकून उठायची.

मी दुसरीत असताना आप्पांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. माग चालू ठेवूनच साफ करायचा, अशी सगळ्याच खात्यांत रीत होती. बंद केला की तेवढा कपडा कमी निघतो. गिअरवरचं झाकण तर कधीचं काढून कोपऱ्यात ठेवलेलं असायचं, कारण दर वेळी उघडत बसायचं कोणी. आप्पांनी अडकलेलं सूत काढायला हात घातला. बस, एवढंच. शेठने दवाखान्याचा खर्च केला आणि बरे झाल्यावर त्यांना गेटवर स्टूल दिलं, वॉचमन म्हणून. शेठ वाईट माणूस नव्हता. फार चांगलाही नव्हता. शेठ होता.

तेव्हापासून आप्पांचा उजवा हात खिशात राहायला गेला. मायने त्यांच्या प्रत्येक पँटीचा उजवा खिसा उसवून मोठा शिवला. घरी ते डाव्या हाताने जेवायचे. पण लग्नाकार्यात, चारचौघांच्या पंगतीत डाव्या हाताने घास घेणार कसे? मग ते पंगतीला बसायचेच नाहीत. कोणी आग्रह केला की म्हणायचे, पोट बरं नाही. चार वर्षं प्रत्येक लग्नात पोट बरं नाही. शेवटी सगळ्या नातेवाइकांची खात्री पटली की आप्पांना पोटाचा मोठा आजार आहे. एक मावशी तर जेव्हा यायची तेव्हा ओव्याची पुडी घेऊन यायची. आप्पा ती मुकाट ठेवून घ्यायचे. आमच्या घरात ओवा कधीच विकत आणावा लागला नाही.

एक गंमत सांगायलाच हवी. गुजरातेत दारूबंदी. म्हणून दारूचं नाव कोणी तोंडाने घेत नसे. अंगठा ओठांकडे न्यायचा, करंगळी वर करायची, समजणारा समजला. आप्पा वॉचमन झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सुताचा टेम्पो आला. आप्पांनी घाईत उजवा हात वर करून तो थांबवला. ड्रायव्हर खाली उतरला, इकडेतिकडे पाहिलं आणि आप्पांच्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, मिलेगी क्या?" आप्पांना वाटलं तो मालाच्या पावतीवरची सही विचारतोय. म्हणाले, "मिलेगी, अंदर ऑफिस में." तो बिचारा ऑफिसात शेठसमोर जाऊन उभा राहिला. माय हे सांगायची तेव्हा हसून हसून तिला धाप लागायची. आप्पा हसायचे नाहीत. त्या दिवसापासून टेम्पोसुद्धा ते डाव्या हाताने थांबवायला लागले.

फक्त एका कामाला तो हात खिशातून आपोआप बाहेर यायचा. पोरांना हाकलायला.

खात्याच्या मागच्या अंगणात वाया गेलेल्या सुताचा ढीग असायचा. माणसाच्या उंचीचा, रंगीबेरंगी, मऊ. भिंतीवरून त्यावर उडी मारली की कमरेपर्यंत आत जायचं. आम्हा पोरांना यापेक्षा मोठं सुख ठाऊक नव्हतं. पण त्या ढिगाकडे जायचा रस्ता खात्याच्या मागच्या उघड्या दारावरून जात होता, आणि दारालगतच शेवटचा माग चालू असायचा, झाकण नसलेला. पोरं दिसली की आप्पा स्टुलावरून उठायचे ते थेट धावतच यायचे, आणि उजवा हात डोक्यावर उंच हलवत ओरडायचे. अंगठा आणि करंगळी. पोरं पळायची. आप्पा कशाला एवढे ओरडतात हे आम्हाला कळत नव्हतं. आम्हाला वाटायचं सूत चोरीला जाईल म्हणून.

पोरांच्या टोळीची म्होरकी आमच्या शेजारची एक मुलगी होती, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती मला टोळीत घेईना. वॉचमनची पोरगी म्हणजे हेर, असा तिचा हिशेब. मी रोज भिंतीपाशी उभी राहून इतरांच्या उड्या बघायचे आणि घरी येऊन मायवर चिडायचे. एक दिवस मी तिला म्हटलं, आप्पा चहाला कधी जातात ते फक्त मला माहीत आहे. मी कोपऱ्यावर उभी राहते. ते गेले की खूण करते.

"कसली खूण?" तिने विचारलं.

मी तीन बोटं मिटली आणि आप्पांसारखा हात डोक्यावर हलवला.

तीच खूण का? शिट्टी वाजवता आली असती, रुमाल हलवता आला असता. त्याचं खरं उत्तर द्यायला मला त्या वेळी फार जड गेलं होतं आणि आजही जातंच. त्यांना हसवायला. मी त्यांना हसवायला तसं केलं. आणि ती सगळी पोटं धरून हसली, आणि मला टोळीत घेतलं.

पुढे त्या खुणेने माझं ऐकलं नाही. आधी ती फक्त "आप्पा चहाला गेले" एवढीच होती. आठवड्याभरात तिचा अर्थ "रस्ता मोकळा आहे" असा झाला. मग शाळेत बाई आल्या नाहीत की वर्गाच्या दारातून एखादा हात हलायचा. नळावर रांग नसली की बाया लांबूनच एकमेकींना अंगठा-करंगळी दाखवायच्या. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये पंच बाद नाही म्हणून तसा हात करायचा. दिवाळीपर्यंत शाळेची रिक्षा चालवणारा काकासुद्धा वळणावर समोरच्याला ती खूण करून पुढे काढायला लागला. ज्यांनी आप्पांना कधी पाहिलंही नव्हतं असे लोक ती करत होते. म्हणजे काय, तर काही काळजी नाही, सगळं ठीक आहे.

फक्त आप्पांना ते माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की ते जातील तिथे लोक एकमेकांना त्यांचा हात करून दाखवतात आणि हसतात.

त्यांनी बाजारात जाणं बंद केलं. मग दाढी घरी करायला लागले. मग एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता मायला म्हणाले, "लोके माले मन्हा हात दखाडतस नि हासतस. आपण गावले निंघी जाऊत."

मायने विचारलं, "गावले काय शे?" म्हणजे गावाला आहे काय.

"भाऊ शे."

"भाऊ शे नि त्यानी बायको शे," माय म्हणाली. त्या बायकोबद्दल मायचं मत काय होतं ते आख्ख्या नवागामला ठाऊक होतं. पण त्या दिवशी ती पुढे काही बोलली नाही, कारण आप्पांचे डोळे भरले होते. माझ्या वडिलांना मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. बोटं गेली तेव्हासुद्धा नाही.

ठरलं. होळीला गावी जायचं आणि परत यायचं नाही. आप्पांनी शेठला सांगितलं, माझ्या शाळेत दाखल्यासाठी अर्ज दिला. मायने डबे, पातेली कोण कोण घेणार ते शेजारणींना विचारायला सुरुवात केली. आणि हे सगळं माझ्यामुळे चाललं होतं आणि ते मला एकटीलाच माहीत होतं. आप्पांना सांगावं तर एकच वाक्य होतं: तुमच्यावर हसायला पहिली मीच होते. ते वाक्य काही तोंडातून बाहेर पडेना. तीनदा मी स्टुलापर्यंत गेले. एकदा पाणी हवंय का विचारून आले, एकदा किती वाजले विचारून आले, आणि तिसऱ्या वेळी आप्पांनीच विचारलं, तुला बरं नाही का? आणि मायला सांगून मला ओव्याचा काढा पाजला.

होळीला पंधरा दिवस असताना शेठचा अमेरिकेतला भाचा आला. तो आधी कुठल्या कुठल्या मोटेलात होता आणि तेव्हा हवाईत एका हॉटेलात काम करत होता. हवाई हे गावाचं नाव आहे हेच आम्हाला खोटं वाटायचं. त्याच्या शर्टावर एवढाली फुलं होती की गल्लीतल्या बायांना वाटलं, याने आमच्या इकडच्या साडीचाच शर्ट शिवलाय. तो गाडीतून उतरला तेव्हा आम्ही भिंतीवर बसलो होतो. आप्पा गेटवर असल्यामुळे कोणी उडी मारत नव्हतं. कोणीतरी कोणालातरी खूण केली. भाच्याने ती पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. परमुलखात आपल्या गल्लीचं माणूस भेटावं तसा. त्याने दोन्ही हात वर केले, दोन्ही हातांनी तीच खूण केली, आणि मग वळून, तोंडभर हसत, ती आप्पांना केली.

आप्पा स्टुलावरून उठले. डाव्या हाताने किल्ल्यांचा जुडगा काढून स्टुलावर ठेवला. मग उजवा हात खिशातून काढून सावकाश भाच्याच्या तोंडासमोर धरला, पाहून घे म्हणून. आणि शेठला म्हणाले, "शेठ, हुं आजे ज जाऊं छुं." होळीपर्यंत थांबत नाही, आजच निघतो.

मी भिंतीवरून उडी टाकून धावले. काय करणार होते कोण जाणे, पण धावले. गेटपाशी पोचले तेव्हा भाच्याच्या चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं. तो त्या हाताकडे बघत होता. शेठ मध्ये पडून "काका, खोटुं ना लगाडो" म्हणजे वाईट वाटून घेऊ नका, असं दोन-तीनदा म्हणाला. भाचा मात्र आप्पांना म्हणाला, काका, थोडा वेळ बसा. मी तिथे राहतो ना, तिथे सगळे हे करतात. ते का करतात ते ऐका आणि मग जायचं तर जा.

आप्पा बसले नाहीत. उभ्यानेच ऐकलं.

तो गुजरातीत सांगत होता. तिकडे बेटावर ऊस होतो. एक साखर कारखाना होता, आणि तिथल्या एका कामगाराची तीन बोटं उसाच्या चरकात गेली. मधली तीन. मग त्याच्याच्याने ते काम होईना, म्हणून त्याला साखरेच्या आगगाडीवर राखणदार नेमलं. गावची पोरं चालत्या गाडीवर चढायची. तो त्यांना हात हलवून हाकलायचा. आणि पोरं त्याच्यासारखा हात करून एकमेकांना सांगायची, तो आहे की नाही, चढायला रस्ता मोकळा आहे की नाही. पोरांचं बघून मोठे करायला लागले. आता सगळं बेट करतं. कोणी भेटलं की, कोणाचे आभार मानायचे की, रस्त्यात कोणी गाडीला वाट दिली की. सगळं ठीक आहे, घाई कशाला, आपलीच माणसं आहोत, असा त्याचा अर्थ. तो हेही म्हणाला की दुसरे लोक दुसरं सांगतात. कोणी म्हणतं गोट्या खेळणाऱ्यांनी काढलं, कोणी म्हणतं परदेशी खलाशांची ती दारूची खूण होती. हे ऐकून शेठला टेम्पोवाला आठवला असावा, कारण तो उगाच खोकला. पण जास्त लोक त्या कामगाराचीच गोष्ट सांगतात, असं भाचा म्हणाला.

 मग आप्पांनी विचारलं, "ती पोरं त्याला हसत होती का?"

भाचा म्हणाला, "काका, ते कोणी सांगत नाही."

"बरं. कोणी पोर गाडीखाली आलं का?"

"नाही. तसं मी कधी ऐकलं नाही."

"मग त्याने काम चोख केलं," आप्पा म्हणाले, आणि स्टुलावरच्या किल्ल्या उचलल्या.

संध्याकाळी ती गोष्ट आम्हाला घरी आप्पांच्या तोंडून पुन्हा ऐकायला मिळाली, आणि घरी येईस्तोवर ती चांगली दुप्पट झाली होती. आगगाडीला डबे वाढले होते. कारखाना थेट आमच्या खानदेशातल्यासारखा झाला होता, बाहेर बैलगाड्यांची रांग वगैरे. मायने विचारलं, हे हवाई आहे कुठे? आप्पांनी बिनदिक्कत सांगितलं, मुंबईच्या पुढे. मग तवा उतरेपर्यंत ते त्या माणसाबद्दलच बोलत होते, जणू तो त्यांच्याच पाळीत कामाला होता. आणि शेवटी म्हणाले, तिकडे ती खूण पहिल्यांदा कोणत्या पोराने केली ते कोणाला माहीत नाही. इकडेही कोणाला माहीत नाही.

"मी केली," मी म्हटलं.

 मी सगळं सांगितलं. टोळी, भिंत, चहाची वेळ. हसवायला केली तेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण एकदा तोंड उघडल्यावर मला थांबताच येईना. आप्पांनी ताटात हात धुतला, उठले आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला मारलं असतं तर फार बरं झालं असतं. मायला विचारावं, आपण जाणार की राहणार, तर ती म्हणायची, माले काय विचारतस, त्यासले विचार.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेटवर गेले. डबा ठेवून मागे फिरणार तोच आप्पा म्हणाले, "कर."

"काय?"

"जे करतस ते. मन्हा समोर कर."

मी हात वर केला.  आप्पा कपड्यातला दोष शोधावा तसे माझ्या हाताकडे बघत राहिले, वरून, बाजूने. मग म्हणाले, करंगळी वाकडी आहे. माझी सरळ आहे. आणि आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने माझी करंगळी धरून सरळ केली. चार वर्षांत तो हात मला पहिल्यांदाच लागला. गरम होता. मला आता विचारायलाच हवं होतं, म्हणून मी विचारलं, "आपण गावाला जाणार?"

"कसाले?" आप्पा म्हणाले. कशाला? जसं काही ती कल्पना माझीच होती.

मग त्यांनी मागच्या दाराकडे मान वळवली. तो शेवटचा माग चालू होता, झाकणाशिवाय, खटखट खटखट. ते जरा वेळ तिकडेच बघत राहिले आणि मला एकदम कळलं की ते इतकी वर्षं कशापायी धावत येत होते, आणि मला रडू फुटलं. आप्पांनी मला गप्प केलं नाही. माझी मिटलेली तीन बोटं त्यांनी आपल्या डाव्या मुठीत घेतली आणि दुखेल इतकी घट्ट धरली.

"या तीन सांभाळजो," ते म्हणाले.